हात शिकतो कुणाच्या अंगावर?

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

काल गटचर्चेत एका ताईंनी मला विचारलं, "आमच्या केंद्रावर नर्स जागेवर नसते, आणि तुम्ही कॉम्प्युटरवरच्या ऑपरेशनचं काय सांगत बसणार?" प्रश्न रास्त आहे. पण या कॉम्प्युटरपाशी मी एका वॉर्डातून येऊन पोचले, म्हणून आधी वॉर्डाचं सांगते.

एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षी माझं फील्डवर्क एका मोठ्या सरकारी रुग्णालयात होतं. वस्तीतल्या एक भाजीवाल्या मावशी, अंग बाहेर येतं म्हणून दाखवायला आल्या. मी सोबत. पडद्याआड त्यांना टेबलावर घेतलं, मॅडमनी तपासलं, आणि मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "या, एकेक जण बघा." पाच-सहा मुलं-मुली असतील. कुणी मावशींचं नाव विचारलं नाही, की 'तपासू का' म्हटलं नाही. मावशींनी पदर तोंडावर ओढून घेतला. एकाचा हात जोरात लागला तशा त्या कळवळल्या, तर आयाबाई खेकसल्या, "अंग ढिलं सोड."

मावशी रडल्याबिडल्या नाहीत. जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "ताई, मी काय शाळेतला फळा आहे? एकानं लिहायचं, दुसऱ्यानं पुसायचं?"

मी तिथेच उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही. त्या फील्डवर्कचे मला मार्क मिळायचे होते. हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं होईल.

आता डॉक्टरांनी शिकूच नये असं आपलं म्हणणं आहे का? नाही. उद्या आपल्याच लेकीचं सिझर करायला शिकलेला हात हवा. प्रत्येक हात कधीतरी पहिल्यांदा लागतोच. भांडण आहे ते हा पहिला हात कुणाच्या वाट्याला येतो याचं. स्पेशल रूममध्ये तो सहसा पोचत नाही. तो जनरल वॉर्डात येतो, केसपेपर घेऊन सकाळपासून रांगेत बसलेल्या बाईकडे.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या मेडिकल कॉलेजची स्किल लॅब दाखवली. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हापासून कॉलेजांना अशी लॅब ठेवावी लागते. एका टेबलावर पडदा, आणि पुढे दोन लांब दांड्या, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वापरतात तशा मुठींच्या. पडद्यावर पोटाच्या आतलं चित्र होतं: गर्भाशय, दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका, आतडी. सगळं कॉम्प्युटरने रचलेलं. बाई म्हणाल्या, "धरून बघ."

मी उजवीकडे हात नेला तर पडद्यावर चिमटा डावीकडे गेला! दुर्बिणीचं ऑपरेशन असंच असतं. पोटावरच्या बारीक भोकातून दांडी आत जाते, ती तिथे तरफेसारखी फिरते, म्हणून बाहेरचा हात आणि आतलं टोक उलट दिशांना जातात. शिवाय खोलीचा अंदाज सपाट पडद्यावरून घ्यायचा. नवख्याचा हात का चुकतो ते मला पहिल्या मिनिटात कळलं. मग मी चिमट्याने नलिका ओढली आणि हाताला खरोखर ओढ लागली. जरा जास्त ओढली तर तटतटल्यासारखं झालं, आणि पडद्यावर रक्त आलं. मी दचकून हात काढला. बाई हसल्या, त्यांनी एक बटण दाबलं. रक्त गेलं, पोट पुन्हा पहिल्यासारखं.

ती ओढ कुठून येते? मुठींच्या मागे बारीक मोटारी असतात. तुमचं टोक चित्रातल्या अवयवाला किती दाबतं, किती ताणतं, याचा हिशेब कॉम्प्युटर करतो आणि तेवढाच विरोध मोटारींकडून तुमच्या हाताला देतो. डोळ्याला सेकंदाला तीस-साठ चित्रं पुरतात, पण बोटं भारी चोखंदळ. त्यांना खरं वाटायला हा हिशेब सेकंदाला साधारण हजार वेळा करावा लागतो. काही यंत्रांत चष्म्यासारखं उपकरण डोळ्यांवर चढवतात, म्हणजे आपण ऑपरेशन थिएटरातच उभे आहोत असा भास होतो.

अशा सरावाची कल्पना मात्र जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात एक सुईण मानाने उभी आहे. फ्रान्समधली अँजेलिक द्यु कुद्रे. १७५९ मध्ये राजा पंधराव्या लुईने तिला गावोगाव जाऊन बाळंतपणाचं शिक्षण द्यायची सनद दिली. ती बरोबर कापड आणि चामड्याची, आत भरण घालून शिवलेली बाईची कंबर न्यायची. आत गर्भाशय आणि बाहुलीचं बाळ. आडवं आलेलं बाळ कसं फिरवायचं ते गावातल्या बायका या कापडी कंबरेवर शिकायच्या. तिने अशा हजारो बायकांना शिकवलं. तिचं एक यंत्र आजही रुआँ शहरातल्या संग्रहालयात आहे. जिवंत बाईला फळा करायची गरज नाही, हे एका सुईणीला अडीचशे वर्षांपूर्वी समजलं होतं!

यंत्रावर शिकलेलं खऱ्या पोटात उपयोगी पडतं का? डेन्मार्कमध्ये २००९ साली याचा एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो आपल्याच विषयातला आहे. दुर्बिणीतून गर्भनलिका काढण्याचं ऑपरेशन शिकणाऱ्या डॉक्टरांचे दोन गट केले. एकाने आधी कॉम्प्युटरवर हात पक्का होईपर्यंत सराव केला, दुसऱ्याने नेहमीसारखं शिक्षण घेतलं. मग दोघांनी खरं ऑपरेशन केलं. नेहमीच्या गटाला साधारण २४ मिनिटं लागली, सराव केलेल्यांना १२. आणि त्यांचं काम वीस ते पन्नास ऑपरेशनं केलेल्या डॉक्टरच्या तोडीचं ठरलं. म्हणजे ती वीस-पंचवीस पोटं, ज्यांच्यावर एरवी हात बसला असता, ती वाचली.

अमेरिकेतल्या डॉ. कार्ला प्यू या शल्यविशारद बाईंचं कामही मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी अंतर्गत तपासणीच्या पुतळ्यात दाब मोजणारे सेन्सर बसवले. डॉक्टरचं बोट कुठे लागलं, किती जोरात लागलं, कुठे पोचलंच नाही, सगळं दिसतं. पुढे स्तनतपासणीचंही त्यांनी तसंच केलं. पाचशेहून अधिक डॉक्टरांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या काहींचा हात इतका हलका पडत होता की खोलवरची गाठ त्यांच्या हातून निसटली असती. हे शिकाऊ नव्हते, रोज रुग्ण तपासणारे होते. 'आमच्या हाताला सवय आहे' हे उत्तर आपण किती वेळा ऐकलंय, आठवा.

एवढं ऐकून कुणी हरखून जाऊ नये. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायका, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली. या ऑपरेशनांत डॉक्टरांचा हात कच्चा होता अशी तक्रार नव्हती. ती मुळात करायला हवी होती का, हा प्रश्न होता. पिशवी सफाईने कशी काढायची ते यंत्र शिकवेल. पाळी चुकली तर मजुरी बुडत नाही, पाळी आली तर बुडते, म्हणून पिशवी काढून टाकायला निघालेल्या बाईशी काय बोलायचं, हे शिकवणारं बटण त्यात नाही.

आणि छत्तीसगडमधलं बिलासपूर विसरू नका. नोव्हेंबर २०१४, नसबंदी शिबिर, एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर १३ बायका गेल्या. तो सर्जन नवखा नव्हता, हजारो ऑपरेशनं केली म्हणून सरकारने त्याच वर्षी त्याचा सत्कार केला होता. तिथे सराव कमी पडला नव्हता. बाईला आकडा समजण्याचा तो परिणाम होता.

मग आपण या यंत्रांसाठी का भांडायचं? कारण मावशींचा प्रश्न अजून तसाच आहे. मला दाखवलं ते यंत्र महाग होतं, आणि बाई हळूच म्हणाल्या की बहुतेक वेळ त्यावर कव्हरच असतं. वॉर्डात बाया आयत्या मिळत असताना यंत्राची किल्ली कोण शोधत बसणार? पैसे नाहीत असं कुणी म्हणालं तर सांगा, खोक्याला भोकं पाडून आत साधा कॅमेरा बसवला तरी दांड्यांचा सराव होतो. त्यात हाताला लागतं ते तर खरंच असतं, तिथे मोटारींची गरजही नाही.

आमच्या गटाने आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या अधिष्ठात्यांची वेळ मागितली आहे. विचारायचं आहे ते असं: विद्यार्थ्याने बाईच्या अंगाला हात लावण्याआधी पुतळ्यावर किती तास घालवले याची नोंद आहे का, आणि ती आम्हाला दाखवाल का? आणि शिकाऊ डॉक्टर तपासणार असतील तर बाईला तिच्या भाषेत, भूल देण्याआधी, आणि 'नाही' म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत असं सांगून विचारता का? भुलेत असलेल्या बाईची तपासणी तर तिच्या लेखी संमतीशिवाय होताच कामा नये.

पहिल्या प्रश्नावर ते बहुधा आम्हाला लॅब दाखवतील. दुसऱ्यावर म्हणतील, "असं विचारत बसलो तर कुणी हो म्हणणारच नाही." मी मावशींना अलीकडे हेच विचारलं. अजून बाजारात बसतात त्या. म्हणाल्या, "एका पोरीला हो म्हटलं असतं. शिकायचं असतं पोरींना. पण सहा जणांना नाही. आणि माझं तोंड बघून विचारायला हवं होतं."

आमच्याबरोबर यायची तयारी आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं द्या. आपापल्या वस्तीतल्या बायकांचे असे अनुभव लिहून आणा, नाव न घालता चालेल, पण तारीख आणि कोणता विभाग ते नक्की लिहा.