ऐकू येणं आणि ऐकून घेणं



संयोजकांनी मला 'निरोगी वार्धक्य आणि नातेसंबंध' असा विषय दिला आहे. या विषयावर डॉक्टरनं काय बोलायचं हे आता ठरल्यासारखंच झालं आहे. सकाळी चाला, मीठ कमी करा, हसत राहा, नातवंडांत रमा. यातलं काहीच खोटं नाही. पण व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज पहाटे दिसणारे निम्मे चेहरे आज समोर बसले आहेत. त्यांना चालण्याचं महत्त्व मी काय सांगणार? म्हणून या मोठ्या विषयाचं एकच टोक धरतो. ते टोक म्हणजे कान.

होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे नवा पेशंट आला की पाऊण तास तरी बसतो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाबरोबर त्याचं घरही दवाखान्यात येतं. पस्तीसेक वर्षं अशी घरं ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की, साठी-सत्तरीनंतर घरात जी कटुता शिरते, ती सगळीच दुष्टाव्यातून येत नाही. बरीचशी न ऐकण्यातून येते. आधी कानाच्या न ऐकण्यातून, मग मनाच्या.

आधी कानाचं बोलू. वय झालं की आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी झिजतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. माझ्या गोळ्यांनी नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही औषधानं नाही. पण त्या सगळ्या एकदम जात नाहीत. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी जातात. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. स, श, च, त, क ही अक्षरं वरच्या पट्टीतली, ती गळतात. म्हणजे माणसाला बोलण्याचा आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. 'सहा', 'दहा' आणि 'चहा' यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. ते निसटलं की उरतं नुसतं 'अहा'. मग आजोबा अंदाज बांधतात. सहा वाजता निघायचं असतं, ते दहा समजून निवांत बसतात, आणि सगळं घर म्हणतं, हल्ली यांच्या लक्षातच राहत नाही.

यातला एक बारकावा प्रत्येक घरानं समजून घ्यावा असा आहे. बायकांचा आणि मुलांचा आवाज साधारणपणे उंच असतो, पुरुषांचा खर्जातला. त्यामुळे सासऱ्याला मुलाचं बोलणं कळतं, सुनेचं कळत नाही. सून तीनदा विचारते, उत्तर नाही. मुलगा एकदाच म्हणतो, 'बाबा, जेवायला चला,' आणि बाबा उठतात! त्या सुनेनं काय समजावं? 'यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं' हे वाक्य मी कितीतरी सुनांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांचं निरीक्षण बरोबर असतं, निष्कर्ष तेवढा चुकतो. मग ती ओरडून बोलू लागते. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, हरवलेली अक्षरं काही परत येत नाहीत. उलट अशा कानाला मोठा आवाज बोचतो. म्हातारा म्हणतो, 'ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?' इथून पुढचं तुम्हाला सगळं माहीत आहे.

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो. मुलांनी आणलं ते चिडचिड होते आणि विसरायला लागलेत म्हणून. मास्तरांची तक्रार वेगळी होती. घरात सगळे माझ्यामागं कुजबुजतात, मी आलो की गप्प होतात. वेगळी चूल मांडायची भाषा ते करत होते, घराच्या वाटणीचा कागदही काढून ठेवला होता. मी त्यांच्याकडे पाठ करून, कपाटात काही शोधतो आहे असं दाखवून साध्या आवाजात दोन प्रश्न विचारले. उत्तर नाही. समोर येऊन तेच विचारलं, लगेच उत्तर. इतकी वर्षं ते लोकांच्या ओठांवरून बोलणं वाचत होते आणि त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मी औषध दिलं नाही. कानाच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. आधी मळ निघाला, मग तपासणी झाली, मग मशीन आलं. 'विसरणं' बरंचसं गेलं. जे ऐकूच आलं नव्हतं ते लक्षात कुठून राहणार?

याला जागतिक अभ्यासाचा आधारही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्यात मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान ही ओळखीची मंडळी आहेतच. त्यांच्याबरोबर श्रवणदोष आहे आणि एकटेपणाही आहे. ही दोन नावं मला एकाच घरातली वाटतात. मात्र मशीन लावलं की स्मृतिभ्रंश टळला, असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या 977 लोकांवर तीन वर्षं झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. सगळ्या गटात मिळून फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण निम्म्याच्या आसपास मंदावली. बाकीच्यांनी मशीन कशासाठी लावायचं? सुनेचं बोलणं कळावं म्हणून. तेवढं कारण पुरेसं नाही का?

चष्म्याला आपण लाजत नाही. 'चाळिशी लागली' असं कौतुकानं सांगतो. मशीन लागलं की मात्र केस वाढवून ते झाकायची धडपड. आणि चार दिवसांत ते कपाटाच्या खणात जातं, कारण 'भांड्यांचाच आवाज येतो' ही तक्रार. येणारच. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूकडे पुन्हा येतात, त्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. नवी चप्पलसुद्धा आधी चावते, म्हणून आपण अनवाणी फिरत नाही. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना रोज थोडा वेळ लावावं. मशीन ज्यांनी दिलं त्यांच्याकडे पुन्हा जाऊन ते कानाच्या मापानं जुळवून घ्यावं. घरच्यांनीही समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, टीव्ही बंद करून बोलावं. ओरडू नये, सावकाश बोलावं. आणि कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलून सांगावं.

आता मास्तरांची राहिलेली गोष्ट. मशीन आलं, संशय गेला, तरी घर शांत झालं नाही. कारण इतके दिवस घर खरोखरच कुजबुजत होतं! नातीला एका कानडी घरातल्या मुलाशी लग्न करायचं होतं. आजोबा काय म्हणतील या भीतीनं सगळे दबक्या आवाजात बोलत होते. आता त्यांना स्वच्छ ऐकू आलं, आणि त्यांनी ऐकून घ्यायला नकार दिला.

हा प्रसंग पुण्यात घडला असता तर साधा होता. बेळगावात तो साधा नाही. 1956 साली राज्यं नव्यानं झाली आणि आपण दुसऱ्या बाजूला राहिलो, ती सल इथल्या मराठी घरात आजही आहे. मास्तरांनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं. सीमाप्रश्नावर माझं स्वतःचं मत तुमच्याहून वेगळं नाही आणि वयामुळे ते मवाळ झालं आहे असंही कुणी समजू नये. पण सरकारशी असलेलं भांडण जेवणाच्या ताटापर्यंत आणायचं का, हा प्रश्न निराळा आहे. आपण थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो. हे शब्द कानडीतून आपल्याकडे आले आणि आपण त्यांना कधी पाहुणे मानलं नाही.

मी जैन घरातला. आमच्या समाजात इथं एका भावाच्या घरी मराठी आणि दुसऱ्याच्या घरी कानडी, असं सर्रास दिसतं. किल्ल्यातली कमल बसदी 1204 सालची, आणि तिच्या अंगणात आजही दोन्ही भाषांत कुशल विचारलं जातं. लहानपणापासून आमच्या कानावर 'अनेकांत' हा शब्द पडतो. आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट मी सांगत बसत नाही, ती तुम्हाला पाठ आहे. पण 'स्यात्' या शब्दाबद्दल एक सांगायला हवं. त्याचा अर्थ 'कदाचित' असा केला जातो आणि मग लोकांना वाटतं, जैनांचं सगळंच मोघम. तसं नाही. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेनं', अमुक जागेवरून पाहिलं तर. माझं म्हणणं माझ्या जागेवरून पूर्ण खरं आहे, आणि तुमची जागा वेगळी आहे हेही खरं आहे. यात स्वतःचं मत सोडावं लागत नाही. मत सोडायची भीती असते म्हणूनच म्हातारा माणूस ऐकायचं टाळतो, असं मला वाटतं.

अर्थात तत्त्वज्ञान पाठ असणं आणि ते घरात उतरणं यांत अंतर असतं. दशलक्षण पर्व संपलं की आम्ही क्षमावाणी पाळतो, वर्षभरातल्या दोषांची क्षमा मागतो. हल्ली ती मोबाईलवरून एका दमात तीनशे जणांना मागितली जाते. ज्याच्याशी भिंतीवरून कोर्टकचेरी चालू आहे, तो सख्खा भाऊ नेमका त्या यादीत नसतो.

आमच्या शास्त्राचा जनक हानेमान याचं उदाहरण मला इथं आठवतं. माणूस भयंकर हेकट, विरोधकांना तोडून बोलणारा. पण पेशंटला मध्ये न तोडता त्याचं सगळं सांगणं पुरं होऊ द्यावं, हा नियम त्यानंच घालून दिला. 1835 मध्ये, ऐंशीला तीन महिने कमी असताना, विधुर हानेमाननं आपल्याहून पंचेचाळीस वर्षांनी लहान असलेल्या मेलानीशी लग्न केलं, जर्मनी सोडून पॅरिस गाठलं आणि शेवटपर्यंत प्रॅक्टिस केली. मला त्याच्या लग्नापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं कौतुक आहे. 1810 साली लिहिलेला आपलाच ग्रंथ तो सत्त्याऐंशीव्या वर्षी पुन्हा दुरुस्त करत बसला होता आणि औषध देण्याची स्वतःचीच पद्धत बदलत होता. तुम्ही माझी पॅथी माना किंवा मानू नका. पण सत्त्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या वाक्यावर काट मारणारा माणूस विरळाच.

मास्तरांना मी यातलं काही सांगितलं नाही. मास्तरांना शिकवायला कोण जाणार? त्यांच्या पत्नीनं मार्ग काढला. त्या म्हणाल्या, 'हो म्हणू नका, नाही म्हणू नका. पोरीला समोर बसवा आणि तिचं होईपर्यंत मध्ये बोलू नका.' मशीन लावून ते बसले. नात तासभर बोलली. त्यांनी होकार दिला नाही. मुलाला एकदा घरी घेऊन ये, एवढंच म्हणाले. मुलगा आला. त्याचं मराठी मोडकं होतं. मास्तरांनी त्याच्या दोन चुका जागच्या जागी सुधारल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं. लग्न गेल्या वर्षी झालं. आहेराच्या वेळी मास्तर पूर्ण खुश होते असं मी म्हणणार नाही. पण वाटणीचा कागद त्यांनी फाडला, आणि आता दर रविवारी तो मुलगा त्यांच्याकडे मराठी वाचायला बसतो. त्याचा आवाज खर्जातला आहे, त्यामुळे मशीन काढलं तरी त्याचं कळतं, असं मास्तर मला परवाच सांगत होते. मी सांगितलं, तरीही काढू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ. औषधांचे प्रश्न दवाखान्यात विचारा. रक्तदाबाची, साखरेची गोळी आपल्या मनानं बंद करू नका एवढंच इथं सांगतो. मागच्या दोन रांगांत बरेच जण कानामागं हात धरून बसलेले दिसतात. पुढं सात-आठ खुर्च्या रिकाम्या आहेत, संकोच न करता पुढं या.