शिकाऊ मुलाच्या करारावरील साक्ष
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली म्हणजे देवाच्या उपकारांचें स्मरण. परंतु जुन्या करारांतील ज्युबिलीच्या वर्षीं कर्जापायीं दास झालेला मनुष्य मुक्त होऊन आपल्या कुटुंबांत परत जात असे, हेंही आपण विसरूं नये. म्हणून धंदा शिकणारीं आपलीं मुलें व त्यांचे धनी यांच्या संबंधाविषयीं बोलणें मला आज उचित वाटतें.

इटलींतील तूरिन शहरीं ८ फेब्रुवारी १८५२ रोजीं एक करार लिहिला गेला. बर्तोलिनो नांवाच्या सुतारानें ओदास्सो नांवाच्या मुलास दोन वर्षांत आपला धंदा शिकवावा, असें त्यांत ठरलें. धन्यानें मुलास धंद्याबाहेरच्या कामास जुंपूं नये. चुकल्यास केवळ शब्दांनीं समज द्यावी. रविवार व सण मोकळे ठेवावे. मजुरी क्रमानें वाढवावी. मुलानेंही आज्ञाधारक व कष्टाळू राहावें. धनी, मुलगा व बाप यांच्या सह्यांबरोबर त्या कागदावर एका धर्मगुरूचीही सही होती. ते संत जॉन बॉस्को होत. शिकाऊ मुलास फुकटचा गडी समजण्याच्या त्या काळांत ही सही मुलाची ढाल होती.

आपल्या देशांत हेंच कार्य १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा करतो. करार नोंदला गेला पाहिजे, विद्यावेतन मिळालें पाहिजे, कामाचे तास ठरलेले असले पाहिजेत, इजा झाल्यास भरपाई दिली पाहिजे. मुलगा अज्ञान असेल तर करार पालकानेंच करावयाचा असतो. धोक्याच्या उद्योगांत, २०१४ च्या दुरुस्तीनंतर, अठरा वर्षांखालील मुलास घेतां येत नाहीं. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांकडे डोळे लावून बसलेल्या घरांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. आणखी एक गोष्ट: करारांत तसें लिहिलेलें नसेल, तर मुदत संपल्यावर नोकरी देण्यास धनी बांधलेला नाहीं.

शाळा व कारखाना यांस एकमेकांची गरज आहे. आय.टी.आय. मध्यें मुलगा नकाशा वाचावयास व मापें घ्यावयास शिकतो. पण चालत्या यंत्रापुढें उभें राहण्याचें धैर्य त्यास मिरजोळ्याच्या कारखान्यांतच येतें. शाळा एकटी राहिली तर तिची विद्या शिळी होते. कारखाना एकटा राहिला तर शिकणाराचा हमाल होतो.

परंतु शाळेस विद्यार्थी पुष्कळ व धन्यास कामें पुष्कळ. एका मुलाची चौकशी करणार कोण? आपण घरीं एवढेंच विचारतों, "पगार किती?" यापुढें असें विचारूं या: आज काय शिकलास? कोणी शिकविलें? कागदावर काय लिहिलें आहे?

माझी विनंती अशी कीं, आपल्या धर्मग्रामांतील तीन जाणत्या माणसांनीं, एक कारागीर, एक शिक्षक व एक माता यांनीं, हें काम अंगावर घ्यावें. आपल्या प्रत्येक शिकाऊ मुलामुलीचा करार सही होण्यापूर्वीं त्यांनीं पालकांसह वाचावा व महिन्यांतून एकदां त्या मुलाची भेट घ्यावी. तक्रार असेल तर ती आधीं शाळेकडे व मग धन्याकडे सौजन्यानें न्यावी. कायद्यास ही सही नको असेल. पण मुलास ती हवी आहे.

नाझरेथच्या सुतारशाळेंत प्रभु येशूस संत योसेफासारखा गुरु लाभला. तसे गुरु आपल्या मुलांस लाभोत, आणि त्यांच्या पाठीशीं उभें राहण्याची बुद्धि देव आपणांस देवो. आमेन.