नवजात बालकांची कावीळ



बाळ जन्मून दोन-तीन दिवस होतात न होतात तोंच त्याच्या अंगावर पिवळी छटा दिसूं लागते. घरांतील कोणी म्हणतें, "असें सगळ्यांनाच होतें". कोणी कावीळ उतरविणाऱ्याचा पत्ता विचारूं लागतें. पहिलें बोलणें बरेंचसें खरें आहे. पूर्ण दिवसांच्या शंभर बालकांपैकीं सुमारें ६० व अपुऱ्या दिवसांच्या शंभरांपैकीं सुमारें ८० बालकें पहिल्या आठवड्यांत पिवळीं दिसतात. रक्तांतील तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निघतें. तें बाहेर टाकण्याचें काम कोंवळ्या यकृताला लगेच झेपत नाहीं. बहुतेकांचा हा पिवळेपणा एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो.

थोड्या बालकांत मात्र हें द्रव्य इतकें वाढतें कीं, तें मेंदूंत शिरून कायमचें बहिरेपण वा पांगळेपण आणतें. हा धोका कोणाला अधिक, हें पुष्कळदां आधीं ओळखतां येतें. अपुऱ्या दिवसांचें बाळ. आईचा रक्तगट ओ किंवा आर-एच निगेटिव्ह असून बाळाचा त्याशीं न जुळणारा. प्रसूतींत डोक्यावर आलेली रक्ताची गांठ. थोरल्या भावंडाला काविळीसाठीं करावे लागलेले उपचार. या गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगाव्या. जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बाळाला डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलीं दुपटीं गुंडाळलीं, तर त्याच्या तांबड्या पेशी एकाएकीं फुटूं शकतात.

चीक काढून टाकून मध किंवा घुटी चाटविण्याची चालही घातकच. दूध पोटांत कमी गेलें कीं शौचास कमी होतें, आणि पिवळें द्रव्य आंतड्यांतून पुन्हां रक्तांत शोषलें जातें. म्हणून जन्मानंतर तासाभरांत बाळास अंगावर घ्यावें व दिवसरात्रींत आठ ते बारा वेळां पाजावें.

इंग्लंडांतील रॉचफर्ड रुग्णालयांत १९५६ सालीं एका परिचारिकेला उन्हांत नेलेल्या बाळाची उघडी कातडी निवळलेली आढळली, आणि त्यांतून पुढें निळ्या प्रकाशाचे उपचार निघाले. परंतु घरचें ऊन त्या दिव्याची जागा घेऊं शकत नाहीं. आणि वैशाखांतील नागपूरचें ऊन तर तान्ह्या जिवाला सोसवणारेंच नव्हे.

कावीळ बहुधा तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं सर्वांत जास्त असते. नेमकें तेव्हां बाळ-बाळंतीण घरीं परतलेलीं असतात. तेव्हां दिवसाच्या उजेडांत बाळाच्या डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पाहाव्या, कारण सांवळ्या कातडीवर पिवळेपणा चटकन् दिसत नाहीं. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्तावून ओढीनासें झालें, शौच पांढुरकें झालें, किंवा दोन आठवडे उलटूनही कावीळ राहिली, तर मेयो, मेडिकल, डागा किंवा जवळचें जें रुग्णालय असेल तें त्याच दिवशीं गांठावें. रक्ताची एक तपासणी व वेळेवर मिळालेला प्रकाश बाळाचें सारें आयुष्य वांचवूं शकतो.