कागदावरील रोगपरीक्षा

जुन्नर तालुक्यातील आणे येथे रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीच्या पंगतीत भाकरीचा तुकडा आमटीला टेकताच जसा रस आपसूक वर ओढून घेतो, त्याच केशाकर्षणाच्या बळावर कागदी रोगपरीक्षेची पट्टी चालते. नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र पट्टीवर पडलेला थेंब सूक्ष्म रंगीत कणांना सोबत घेऊन सरकतो, आणि रोगाचा अंश त्यात असल्यास प्रतिपिंडांच्या अदृश्य रेघेपाशी ते कण अडून रेघ उमटते. पुण्याच्या मायलॅबच्या अशाच कोविड-पट्टीस मे २०२१मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मंजुरी मिळाली. तेव्हा तिची किंमत २५० रुपये होती, जी मजुरी करणाऱ्यास थोडी नव्हतीच! अशा पट्टीवर ती नीट चालल्याचे दाखवणारी नियंत्रणाची दुसरी रेघ मात्र उमटली नाही, तर ती परीक्षा रद्दबातल समजावी.