लेकरांचा ‘का?’ मारू नका

(जालना जिल्ह्यातील एका खेड्यात भरलेल्या पालकांच्या सभेत तेथील शिक्षकांनी केलेले भाषण.)



दिवसभर रानात राबून आपण या सभेस आलात, म्हणून लांबण न लावता आमच्याच एका चुकीपासून आरंभ करतो.

मागच्या उन्हाळ्यात तिसरीतील एका मुलाने आम्हांस विचारले, “गुरुजी, आमचं काळं रान भेगाळतं, मग मुरमाड माळ का भेगाळत नाही?” आम्हांस धडा संपविण्याची घाई होती. आम्ही म्हणालो, “गप बैस, पुस्तकात बघ.” मूल खाली बसले. पुढे पंधरा दिवस त्याने एकही प्रश्न केला नाही. आणि वर्ग शांत आहे म्हणून आम्ही खूश!

मग एके दिवशी तो मातीचे तीन वाळलेले गोळे पिशवीतून घेऊन आला. घरी त्याने तोच प्रश्न आजीस केला होता. आजीस अक्षरओळख नाही. ती म्हणाली, “मला ठाव नाही बाळा. पण लिंपताना काळ्या मातीत भुसा घातला नाही, तर भिंत तडकती. चल, करून बघू.” तिने त्याच्याकडून तीन गोळे करविले: एक नुसत्या काळ्या मातीचा, दुसरा भुसा घातलेल्या काळ्या मातीचा, तिसरा मुरमाच्या मातीचा. उन्हात वाळल्यावर पहिला तडकला. दुसरा धड राहिला. तिसऱ्यास भेग नव्हती, पण तो बोटाने चुरत होता.

ते पाहून आम्ही शरमलो. मग वर्गास समजावून दिले की, काळ्या मातीतील चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून रान फाटते. मुरमाचे कण जाड. ते फुगत नाहीत, म्हणून आकसतही नाहीत. भुशाच्या काड्या मातीस धरून ठेवतात. काळी माती आणि मुरूम ही दोन्ही एकाच काळ्या खडकाची लेकरे, आणि तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. एवढे सारे त्या एका ‘का?’ मागे दडले होते. आम्ही ते पुरले. आजीने उकरून काढले.

आपण म्हणाल, “आम्ही अडाणी माणसे, लेकरांना काय सांगावे?” पण आजीने तरी उत्तर कोठे दिले? ठाऊक नाही ते नाही म्हटले, हाताखालचे होते ते दाखविले, आणि लेकरास करून बघू दिले. याला पैसा लागत नाही.

तीच वाट थोरांनीही धरली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गावच्या बालकांसाठी काम मांडले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. वारल्यांची मुले शाळेकडे येत ना, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. महागडी साधने नव्हती; शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य. सरकारची अंगणवाडीची योजना १९७५ साली निघाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. अंगण तर आपल्यापाशीही आहे!

आणि मुलीस “पोरीच्या जातीने फार विचारू नये” असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे: १८५५ साली जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या मुलीने ‘ज्ञानोदय’ पत्रात निबंध लिहून मांगामहारांच्या दुःखाचा जाब मोठमोठ्या पंडितांस विचारला. तिलाही ‘गप’ केले असते, तर?

हा केवळ लेकरांच्या कौतुकाचा प्रश्न नव्हे. आपल्या अंबड-घनसावंगीकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस जातात. ज्याने घरात दहा वर्षे ‘गप’ ऐकले, तो मोठेपणी मुकादमाने उचल किती मांडली, काट्यावर वजन किती भरले, कर्जाच्या कागदात काय लिहिले, हे विचारील काय? तो मान खाली घालून अंगठा देईल. ती मान आपणच लहानपणी वाकविलेली असते.

म्हणून आमची आपणांस हात जोडून विनंती एवढीच. लेकराने विचारले की हातात मोबाईल देऊन त्याचे तोंड बंद करू नका. वेळ नसेल तर “संध्याकाळी सांगतो” म्हणा, आणि संध्याकाळी आठवणीने सांगा. ठाऊक नसेल तर “चल, बघू” म्हणा. तरीही कोडे सुटले नाही, तर त्याला आमच्याकडे धाडा. आम्ही पुन्हा “गप बैस” म्हणालो, तर ते मूल आणि आपण मिळून आम्हांस भर सभेत जाब विचारा. ते तीन गोळे आम्ही शाळेच्या फळीवर ठेवले आहेत. ते रोज आमच्याकडे पाहत असतात.