गावचा रेडिओ आणि खिशातला फोन

नाशिकहून पेठकडे निघालं की घाटात मोबाइलचं नेटवर्क जातं-येतं. पाड्यावरच्या माणसाला याचं नवल नाही. कोणत्या टेकाडावर उभं राहिलं म्हणजे आवाज पोचतो, हे त्याला पाण्याच्या वाटेसारखं पाठ असतं.

पण आधी थोडं मागं जाऊ या. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या साह्यानं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं घेतली. गावात एक रेडिओ, भोवती वीसेक माणसं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ऐकायचं आणि मग घरी न जाता तिथंच बसून चर्चा करायची. पाहणीत काय दिसलं? चर्चा करणाऱ्या गावांत माहितीची भर पुष्कळ पडली. जिथं रेडिओ होता पण मंडळी बसत नव्हती, तिथं फार थोडी!

पुढं ट्रान्झिस्टर आला. सेलवर चाले, म्हणून शेताच्या बांधावरही गेला. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, दोन दिवस आणखी चालायचे. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे, हे आजच्या पोरांना खरंसुद्धा वाटणार नाही. ट्रान्झिस्टर एकाचा असला तरी आवाज चारचौघांना ऐकू जाई, बरं का.

भारतात मोबाइलवरचं पहिलं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्त्याहून दिल्लीला. पेठच्या डोंगरात तो यायला पुढं बरीच वर्षं गेली. आला, आणि मोठं काम झालं. भात-नागली घरात आली की इथली कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांत मजुरीला जातात. पूर्वी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची खबर कुणी गाववाला भेटेल तेव्हाच कळायची. आता रोज सांजेला बोलणं होतं. २०१४पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. मात्र पावसाळ्याच्या रात्री बाळंतीण अडली, तर तो क्रमांक लावायला कुणीतरी आधी टेकाड चढायचं असतं. त्या पंधरा-वीस मिनिटांची किंमत त्या घरालाच ठाऊक.

आणि आणखी एक गोष्ट. २०२० साली करोनामुळं शाळा बंद झाल्या, धडे फोनवर येऊ लागले. फोन घरात एक, तोही बापाच्या खिशात, बाप मजुरीवर. थोरल्या मुलाला रात्री मिळायचा, धाकटीची पाळी यायच्या आत झोपेची वेळ. काही ठिकाणी गुरुजींनी आणि बाईंनी तोड काढली. स्वतःचा फोन घेऊन पाड्यावर जायचं, ओट्यावर पाच-सहा मुलं बसवायची, धडा दाखवायचा आणि फोन बाजूला ठेवून त्यावर बोलायचं. १९५६च्या मंडळींनी तरी निराळं काय केलं होतं?

शाळा पुन्हा भरल्या, पण धडे आणि सूचना अजून फोनवर येतच असतात. गुरुजी, बाई, तुमच्या पटावर मुलाचं नाव असतं, बापाचं असतं, फोनचा नंबरही असतो. तो फोन दिवसा कुणाजवळ असतो, हे लिहायला रकाना नाही. उद्या हजेरी घेताना तेवढं विचारा. मुलींना आधी विचारा.