घर कीं सदन?

इंग्रजींतील ‘होम’ हा शब्द दिसावयास सोपा; पण मराठींत उतरवूं गेल्यास तो हातून निसटतो. (आपला होम निराळाच, त्यांत समिधा पडतात!) ‘घर’ म्हणावें, तर स्त्रीच्या तोंडीं त्याचीं दोन होतात: माहेर आणि सासर. बालविधवा माहेरीं ओझें ठरे, सासरीं अपशकुन. तिनें घर म्हणावें तें कोणत्या दाराला?

पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें मुंबईस अशा स्त्रियांसाठीं ‘शारदा सदन’ उघडलें. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर दौंड तालुक्यांतील केडगांवीं ‘मुक्ति सदन’, ‘कृपा सदन’ उभीं राहिलीं. कर्व्यांच्या ‘अनाथ बालिकाश्रमां’तील ‘आश्रम’ शब्दाला व्रताचा वास येतो. ‘सदन’ मात्र ना बापाचें, ना नवऱ्याचें. नवल एवढेंच, कीं बायबलाचें भाषांतर करितांना साध्या मराठीचा कटाक्ष ठेवणाऱ्या या विदुषीनें वास्तूंना नांव दिलें तें संस्कृत.

पुढें १९०९ मध्यें पुण्यांत ‘सेवासदन’ निघालें. मग खासगी बंगल्यांच्या पाट्यांवरही ‘सदन’ चढलें. पण बाजारांतून परतणारी बाई ‘सदनीं जातें’ म्हणत नाहीं. ती म्हणते, ‘घरीं जातें.’